पंधराचा निळा फ्यूज

प्रिय विनू,

तुला आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं कशाला? मी खालच्या मजल्यावर, तू वरच्या. जिन्यात उभं राहून हाक मारली की काम व्हायचं. आता हाकेचा उपयोग नाही आणि जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणालाच सांगायचं धाडस होत नाही, म्हणून हा कागद घेतला.

आज नवमी. गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेचा मंडप घातलाय, सकाळपासून ढाक बडवतायत. तुझं वर्ष व्हायचंय, त्यामुळे घरात सण नाही. पण इरा शेजारच्या मुलींबरोबर देवी बघायला म्हणून हटून बसली, तेव्हा तुझी केतकी तिला घेऊन गेली. मी एकटीच आहे. त्या परत येईपर्यंत मला हे लिहून संपवायचं आहे.

गाडी घरी आली, विनू. नऊ महिने ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी होती. मागचा भाग पार दबलाय, पुढचं तोंड मात्र जवळपास शाबूत आहे. अंगणात ताडपत्री घालून ठेवली आहे. पूजेची सुट्टी संपली की भंगारवाला येऊन नेणार. इरानं हे ऐकलं आणि मला म्हणाली, "आत्या, उद्या दसरा ना? गाडी जायच्या आधी एकदा माळ बांधू या." मी म्हटलं, अगं या वर्षी सण करायचा नाही. तर म्हणते, "सण नाही गं. बाबाची गाडी आहे म्हणून."

तुझी मुलगी तुझ्यासारखी बोलते.

तुला आठवतं, बाबा दर दसऱ्याला आधी आपल्या स्कूटरची आणि मग स्वतःच्या हत्यारांच्या पेटीची पूजा करायचे? सरकारी नोकरीतला साधा विजेचा माणूस. बदली होऊन कलकत्त्याला आला, बागबाजारला भाड्याची जागा घेतली आणि इथलाच झाला. मराठ्यांना अडवायला इंग्रजांनी ज्या भागात खंदक खणला तिथेच आपण बिऱ्हाड केलं, हा त्यांचा एकमेव विनोद. प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. एका वर्षी स्कूटरची माळ हावड्याच्या पुलावर वाऱ्यानं तुटून उडाली, तू भोकाड पसरलंस. त्या वर्षापासून बाबांनी दोरा सोडला. झेंडू बारीक लोखंडी तारेत ओवायचे, तारेनंच बांधायचे आणि पकडीनं पीळ देऊन टोक आत वळवायचे, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. बाबा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. तू धाकटा, तुला कोण विचारतंय!

गाडीचं खूळ तुझ्या डोक्यात नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सियालदा स्टेशनचे जिने तुला झेपेनात. बराकपूरची तुझी शाळा सकाळची, साडेसहाला पहिला तास. गणिताच्या मास्तरानं उशिरा जायचं नाही म्हणून तू जुनी गाडी घेतलीस. पहिल्याच हिवाळ्यात घाबराघुबरा घरी आलास. म्हणालास, "ताई, धुक्यात हेडलाइट लावला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. रस्त्याची कड दिसत नाही." मी म्हटलं, मग दिवे बसवून घे की, लोक बसवतात. ते पिवळे दिवे घ्यायला मीच तुझ्या मागे लागले होते, आठवतंय ना? पुढच्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आठवडाभर आधी, आपण दोघं एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या तपनदाच्या दुकानात गेलो. माझा मेला स्वभाव, मी त्याच्या डोक्यावर उभी राहून काम करून घेतलं. वायर नवीन आहे ना? रिले टाकलाय ना? फ्यूज कितीचा? त्यानं शांतपणे निळा फ्यूज माझ्या हातावर ठेवला. पंधरा अँपिअर. म्हणाला, "दिदी, याच्यापेक्षा मोठा कधी घालू नका."

आणि महिन्याभरात तो निळा फ्यूज उडायला लागला.

कार्तिकात पहिल्यांदा उडाला. मग आठवड्यातून एकदा. मग दोनदा. घरी अंगणात उभं राहून लावले तर दोन्ही दिवे लख्ख. रस्त्याला लागलं, खड्डा आला, ट्रामचे रूळ आले, की गेले. तू दोनदा गाडी तपनदाकडे नेलीस. पहिल्यांदा त्यानं रिले बदलला, दुसऱ्यांदा स्विच. पेट्रोल पंपावर कुणीतरी तुला हिरवा घाल म्हणाला, तीसचा, म्हणजे उडायचाच नाही. तो तू घातला नाहीस, वायर जळेल म्हणालास. तेवढं बाबांचं ऐकलंस. पण बाबा आणखी एक सांगायचे, ते का विसरलास? फ्यूज उडाला म्हणजे त्यानं आपलं काम केलं, आता कुणामुळे उडाला ते शोधा. तू शोधलं नाहीस. निळ्या फ्यूजचं पाकीट आणलंस, संदेश मिठाईच्या रिकाम्या डब्यात भरून समोरच्या कप्प्यात ठेवलंस आणि उडेल तसा बदलत राहिलास. जगाला पायऱ्या लिहायला लावणारा मास्तर, स्वतः मात्र उत्तर खोडून पुन्हा तेच लिहीत बसलास.

रागवते आहे असं नको समजू. रागवायचा हक्क आता मला राहिलेला नाही, ते पुढे कळेलच.

त्या सकाळचं मी किती वेळा मनात आणलंय. पौषातलं धुकं. बराकपूरच्या अलीकडे फ्यूज गेला. तू गाडी कडेला घेतलीस, बॉनेट उघडलंस. आणि हात घालण्याआधी सगळं बंद केलंस. हेडलाइट, मागचे दिवे, सगळं. आधी बंद, मग हात. हे बाबांनी आपल्याला इतक्या लहानपणी शिकवलंय की तू विचारसुद्धा केला नसशील. मागून आलेल्या ट्रकवाल्याला काळोखात उभी असलेली गाडी दिसली नाही. ट्रकनं गाडीला धडक दिली आणि गाडीनं तुला. आपल्याच गाडीनं.

तुझी मूठ उघडली तेव्हा त्यात निळा फ्यूज होता. नवा, न वापरलेला. पोलिसांनी तो पाकिटात घालून केतकीला दिला. तिनं तो अजून देवघरात ठेवलाय.

केतकीबद्दल तुला सांगते. तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी ती बँकेत जायला लागली. घरात कुणाशी बोलत नव्हती. नाशिकहून लग्न होऊन आली तेव्हा जशी बुजरी होती तशीच पुन्हा झाली. एक दिवस माझ्याकडे खाली आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "ताई, एवढंसं वायरिंग त्या तपनदाला नीट करता आलं नाही?" तिला कुणावर तरी चिडायचं होतं. मलाही हवंच होतं. मी म्हटलं, नाहीच आलं. दुसऱ्याच दिवशी मी मेट्रोनं एस्प्लनेडला गेले आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तपनदावर तोंडसुख घेतलं. तोंडाचा पट्टा माझा तुला ठाऊकच आहे. बंगालीत, हिंदीत, शेवटी मराठीत. माझ्या भावाला तू मारलंस, म्हटलं. शेजारचे दुकानदार बाहेर आले. तो हात जोडून उभा होता. मी घरी आले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. हे सांगायची लाज वाटते, पण खरं आहे.

त्यानंतर मी तक्रार लिहिली. ठाण्यात द्यायची. निष्काळजीपणे वायरिंग केल्यामुळे मृत्यू, अशी. अठ्ठावीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, लिहिण्यात मी कमी पडत नाही. केतकीनं सही केली, मीही केली. कोजागरीची लक्ष्मीपूजा झाली की आम्ही दोघींनी जाऊन द्यायची असं ठरलंय. कागद वर तिच्या टेबलावर आहे.

त्या कागदात एक गोष्ट मी मुद्दाम घातली नाही. दुसऱ्या खेपेला तपनदा म्हणाला होता, "मास्टरमोशाय, उभ्या गाडीत दोष सापडत नाही. एक दिवस गाडी ठेवून जा, मी चालवून बघतो." तू म्हणालास, शाळा आहे, सुट्टीत बघू. मी तिथेच होते. ऐकलं होतं. लिहिताना तेवढं गाळलं.

काल अष्टमी. दुपारी फाटकाशी कुणीतरी उभं दिसलं. तपनदा. हातात पिशवी. गाडी सुटून आल्याचं त्याला कुठूनसं कळलं होतं. मी आत घेणारच नव्हते. तो फाटकाबाहेरूनच म्हणाला, "दिदी, तुम्ही काय लिहिलंय ते मला माहीत आहे. लोकांनी दुकानात येणं सोडलंय. द्यायचं तर द्या. फक्त द्यायच्या आधी मला एकदा दोष शोधू द्या. माझा असला तर मी स्वतः ठाण्यात येतो."

मी फाटक उघडलं. त्याच्यावर दया आली म्हणून नाही. त्याचा दोष माझ्या डोळ्यांसमोर निघावा, एवढ्यासाठी.

त्यानं ताडपत्री पुढून वर केली. पिशवीतून बॅटरी काढून जोडली. फ्यूजच्या डबीतून उडालेला फ्यूज काढला आणि त्याच्या जागी दोन तारांनी एक साधा बल्ब लावला. तू असतास तर तुला फार आवडलं असतं ते. मला समजावून सांगत होता, जणू मी त्याला शिव्या दिल्याच नव्हत्या. दोन्ही दिव्यांच्या पिना काढल्या, आता या तारेतून वीज जायला वाट नाही, बल्ब विझलेला राहायला हवा. पेटला, तर समजायचं तार कुठेतरी लोखंडाला टेकते आहे. फ्यूज उडत राहतो, दोष बघायला वेळ देत नाही. बल्ब पेटून राहतो, म्हणून शोधता येतं.

स्विच दाबला. बल्ब विझलेलाच. मला वाटलं, झालं, आता म्हणेल बघा काहीच दोष नाही. पण त्यानं बंपरला हात लावून गाडी हलवली. खड्ड्यात हलते तशी. आणि बल्ब पेटला. हलवायचं थांबवलं, विझला. पुन्हा हलवली, पेटला.

सापडला, म्हटलं. आता सुटत नाही हा.

तो गुडघ्यावर बसला. रिलेजवळची तार हलवली, काही नाही. मधली हलवली, काही नाही. डाव्या दिव्याच्या मागे हात घातला, बल्ब लख्ख पेटला. तिथेच हात ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघत होता. मग पिशवीतून बारीक पक्कड काढली, काहीतरी उलगडलं, ओढून बाहेर काढलं. बल्ब विझला. गाडी कितीही हलवली तरी तो पुन्हा पेटला नाही.

त्यानं ते माझ्या हातावर ठेवलं. बोटभर लोखंडी तार. गंजलेली. पीळ दिलेली आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. पिळात झेंडूचा वाळका देठ अडकलेला.

विनू, दिवा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलाय ती धरून मी माळ बांधली होती. आदल्या दसऱ्याला पुढच्या जाळीला बांधली होती, गेल्या वर्षी नवे दिवे होते, पट्ट्या हाताशी होत्या, सोयीचं वाटलं. पट्टीबरोबर दिव्याची वायरही माझ्या फेऱ्यात आली आणि मी पकडीनं आवळली. दसरा झाल्यावर फुलं ओढून काढली, बागबाजारच्या घाटावर सोडली. तार तशीच ठेवली, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून. दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवणारी बाई मी, बोटभर तार तरी कशी फेकेन? महिनाभर गाडी हलत राहिली आणि ती तार वायरीचं रबर कापत गेली.

तपनदानं विचारलं, "दिदी, हे काय आहे?"

मी म्हटलं, "काय माहीत. रस्त्यावरचा कचरा अडकला असेल."

हो, असंच म्हटलं. माझ्याच तोंडानं. झेंडूचा देठ त्यालाही दिसत होता. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून केतकीनं विचारलं, "ताई, सापडलं का हो काही?" आणि मी मान वर करून म्हटलं, "नाही गं, अजून नाही."

त्याला मराठी येत नाही. पण 'नाही' कळायला मराठी कशाला यायला हवी? तो पिशवी भरायला लागला. बॅटरी, बल्ब, पक्कड. उठताना फक्त एवढंच म्हणाला, "दिदी, माझ्या नावाचं काय?" मी तार पदरात गुंडाळली. तो गेला. जाताना ताडपत्री नीट ओढून गेला.

कालपासून जेवले नाही. तार टेबलावर ठेवली आहे, तिच्याकडे बघत लिहिते आहे. काल रात्रीपासून मी स्वतःला सांगते आहे की मला काय माहीत होतं, मी विजेची माणूस थोडीच, बाबा तसंच बांधायचे म्हणून मी तसं बांधलं. केतकीला सांगून काय मिळणार? तिचा तू गेलास, आता मीही जाणार तिच्या मनातून. एकाच घरात राहून इरानं माझ्याकडे यायचं थांबवलं तर? मी कुणाकडे बघून जगायचं? ही भीती आहे बघ. तपनदाचं दुकान बंद पडलं तरी चालेल, पण इरानं आत्या म्हणणं थांबवू नये, इतकी खाली गेले मी.

पण आज सकाळी इरा मंडपात जाताना दारातून डोकावली आणि म्हणाली, "आत्या, माळ कशानं बांधायची? दोरा काढून ठेवू?" आणि मला एकदम सगळं आठवलं. कालपासून जे मी आठवू देत नव्हते ते.

तू सांगितलं होतंस.

गेल्या दसऱ्याला तू तिथेच पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होतास. मी पट्टीभोवती फेरा घेतला, तेव्हा म्हणालास, "ताई, तारेनं नको गं, तिथे दिव्याची वायर आहे. दोऱ्यानं बांध." मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, "दोरा तुटतो. तू तुझं गणित शिकव." तू हसलास. वाद घातला नाहीस. माझ्याशी तू कधी वाद घातला नाहीस, हाच तुझा दोष. मी पक्कड मागितली, तर कप खाली ठेवून उठलास आणि तीही तूच आणून दिलीस.

मग महिनाभरानं फ्यूज उडायला लागले, तेव्हा तुला एकदाही संशय आला नाही का रे? की आला होता, आणि ताईला वाईट वाटेल म्हणून तू वाकून बघितलं नाहीस? आयुष्यभर आता हे मला विचारत बसायचं आहे आणि उत्तर द्यायला तू नाहीस.

फाटक वाजलं. इराचा आवाज येतोय, जिन्यात काहीतरी सांगत चढते आहे. आता मला वर जायला हवं.

तुला शब्द देते विनू, आणि तो पाळते. ही तार मी मुठीत घेऊन वर जाईन आणि केतकीच्या हातावर ठेवीन. कुठे सापडली, कुणी बांधली, तू काय म्हणाला होतास, सगळं सांगेन. काही गाळणार नाही. तो कागद तिच्यासमोर फाडीन. दुकानं उघडली की त्याच गल्लीत जाऊन तपनदाला हात जोडीन, गिऱ्हाइकांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात. त्यानंतर केतकीनं दार लावून घेतलं तर मी जिन्यातून हाक मारणार नाही. आणि उद्या माळ बांधायची झालीच, तर इरा बांधेल. दोऱ्यानं. मी लांब उभी राहीन.

तुझं न ऐकलेली,
ताई